आत्म्याचे अमरत्व की मृतांचे पुनरुत्थान? : ऑस्कर कुलमन ह्यांच्या प्रतिपादनाचे परीक्षण

नव्या कराराच्या अभ्यासकांना ऑस्कर कुलमन (१९०२–१९९९) हे नाव अपरिचित नाही. स्ट्रासबुर्ग येथे जन्मलेले हे लूथरन विद्वान १९३८ पासून बासेलच्या विद्यापीठात नवा करार व प्राचीन मंडळीचा इतिहास शिकवीत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेस (१९६२–६५) ते निमंत्रित पाहुणे म्हणून उपस्थित होते. १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी दिलेले इंगरसोल व्याख्यान पुढे ‘आत्म्याचे अमरत्व की मृतांचे पुनरुत्थान?’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली १९५६ साली फ्रेंचमध्ये व १९५८ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. इंगरसोल व्याख्यानमाला मुळात मानवाचे अमरत्व ह्याच विषयासाठी स्थापन झालेली होती. त्याच व्यासपीठावरून कुलमन ह्यांनी प्रतिपादन केले की, आत्म्याचे नैसर्गिक अमरत्व ही नव्या कराराची शिकवण नव्हेच. पुस्तक लहान, एका बैठकीत वाचून संपणारे; तथापि त्यावर उठलेले वादळ मोठे होते. भाविक वाचकांकडून आलेल्या तीव्र निषेधाचा उल्लेख स्वतः ग्रंथकारानेच प्रस्तावनेत केला आहे.

इतक्या वर्षांनी ह्या पुस्तकाचे परीक्षण करावे असे आम्हांस वाटते, त्याचे कारण केवळ विद्वत्तेचे नाही. प्रत्येक दफनविधीच्या वेळी, मंडळी कोणतीही असो, हाच प्रश्न पाळकापुढे व धर्मशिक्षकापुढे उभा राहतो. मृत माणूस आता कोठे आहे? त्याच्यासाठी आपण कशाची आशा बाळगतो? ती आशा कशावर आधारलेली आहे? ह्या प्रश्नांना आपण जी उत्तरे देतो, त्यांवरून आपण कृपा म्हणजे काय समजतो हेही उघड होते. म्हणून तारण, कृपा व पुनरुत्थान ह्या तीन विषयांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

प्रतिपादनाचा सारांश

कुलमन आपल्या विवेचनाचा आरंभ दोन मृत्यूंच्या तुलनेने करतात. एक सॉक्रेटिसाचा व दुसरा येशूचा. प्लेटोने ‘फीडो’ ह्या संवादात रंगविलेला सॉक्रेटिस शिष्यांशी आत्म्याच्या अमरत्वाविषयी शांतपणे बोलत बोलत विषाचा पेला घेतो. त्याच्या दृष्टीने देह हे बंधन आहे व मृत्यू हा ते तोडणारा मित्र आहे. ह्याउलट गेथशेमाने बागेत येशू अत्यंत व्याकूळ होतो (मार्क १४:३३-३४). इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्या मोठ्या आक्रोशाची व अश्रूंची साक्ष देतो (इब्री ५:७). आणि वधस्तंभावर तो देवाने आपला त्याग केल्याची आरोळी मारतो. येशूला मृत्यू मित्र वाटत नाही. पौलाच्या शब्दांत सांगावयाचे तर, नाहीसा होणारा शेवटला शत्रू तो मृत्यूच होय (१ करिंथ १५:२६).

ह्या तुलनेतून कुलमन पुढील निष्कर्ष काढतात. मृत्यू हा सृष्टीचा स्वाभाविक भाग नसून पापाचे वेतन आहे (रोम ६:२३). तो केवळ देहाचा नसून संपूर्ण मनुष्याचा आहे. म्हणून त्यावरील विजय मनुष्यातील कोणत्याही अविनाशी अंशामुळे होऊ शकत नाही. त्यासाठी देवाने नव्याने निर्मिती करावी लागते. ही नवनिर्मिती ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात सुरू झाली आहे, पण पूर्ण झालेली नाही. ‘ख्रिस्त आणि काळ’ ह्या १९४६ च्या ग्रंथात कुलमन ह्यांनी युद्धाचा दृष्टांत दिला होता. निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, परंतु विजयदिन अजून उजाडावयाचा आहे. तोच विचार येथे मृतांना लावला आहे. ख्रिस्तात मेलेले लोक ‘झोपी गेलेले’ आहेत; ते ख्रिस्तासमागमे आहेत (फिलिप्पै १:२३), तरीही अखेरच्या दिवसाची वाट पाहत आहेत. वेदीखालील आत्मे ‘किती वेळ?’ असा धावा करतात (प्रकटीकरण ६:९-११), ही गोष्ट ह्या प्रतीक्षेचीच खूण होय.

प्रतिपादनाचे बळ

ह्या प्रतिपादनाचे मोल आमच्या मते मोठे आहे. त्याने आशेचा पाया मनुष्यस्वभावातून उचलून देवाच्या कृतीवर ठेवला. आत्मा जर स्वभावतःच अमर असेल, तर सार्वकालिक जीवन ही त्याची मालमत्ता ठरते, देणगी ठरत नाही. मग ख्रिस्ताच्या मरणाने व उत्थानाने नवे असे काय घडले, ह्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण जाते. फार तर ख्रिस्त हा अमर आत्म्यांना योग्य स्थळी नेणारा वाटाड्या ठरेल. परंतु ‘जिवंत करणारा’ हे पौलाने त्याला लावलेले विशेषण निरर्थक होईल.

शब्दांची साक्षही कुलमन ह्यांच्या बाजूची आहे. ‘अमरत्व’ ह्या अर्थाचा ‘अथानासिया’ हा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात अवघ्या तीन ठिकाणी येतो. त्यांतील एका ठिकाणी अमरत्व केवळ देवाचे आहे असे म्हटले आहे (१ तीमथ्य ६:१६). उरलेल्या दोन ठिकाणी, म्हणजे १ करिंथ १५:५३-५४ मध्ये, जे मर्त्य आहे ते अमरत्व परिधान करील असे सांगितले आहे. म्हणजे अमरत्व मुळात देवापाशी आहे, आणि मनुष्याला ते वस्त्रासारखे बाहेरून, देवाकडून मिळते. कृपेच्या सिद्धांताचा पुनरुत्थानाच्या सिद्धांताशी असलेला सांधा येथे स्पष्ट दिसतो. पापी मनुष्य आपल्या कर्माने नीतिमान ठरत नाही, त्याचप्रमाणे मृत मनुष्य आपल्या स्वभावाने जिवंत राहत नाही. ह्या दोन्ही गोष्टी पौल एकाच वाक्यात गुंफतो. अब्राहामाचा देव मेलेल्यांना जिवंत करणारा व अस्तित्वात नसलेल्यांना अस्तित्वात बोलावणारा आहे असे तो म्हणतो, तेही विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या विवेचनात (रोम ४:१७).

प्रतिपादनाच्या मर्यादा

तथापि ह्या ग्रंथाचे समर्थन करताना त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की, ग्रीक विचार एका बाजूस व इब्री विचार दुसऱ्या बाजूस अशी कुलमन ह्यांची मांडणी वाजवीपेक्षा अधिक नीटस आहे. सगळे ग्रीक प्लेटोचे अनुयायी नव्हते. अथेनैमध्ये पौलाशी वाद घालणाऱ्यांत एपिकूरपंथीही होते (प्रे. कृत्ये १७:१८), आणि त्यांच्या मते आत्मा देहाबरोबरच विखरून जातो. दुसरीकडे यहूदी लोकांतही एकवाक्यता नव्हती. सदूकी पुनरुत्थान नाकारीत, परूशी ते मानीत (प्रे. कृत्ये २३:८). ‘शलमोनाचे ज्ञान’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती असल्याचे म्हटले आहे. कॅथलिक मंडळी हा ग्रंथ शास्त्र म्हणून वाचते. प्रोटेस्टंट मंडळ्या त्यास प्रमाण मानीत नाहीत. परंतु येशूच्या काळापूर्वीच यहूदी भक्तांच्या मनात हा विचार रुजला होता, एवढे सिद्ध होण्यास तो पुरेसा आहे. स्वतः प्रभूनेही देहाला मारणाऱ्यांना परंतु आत्म्याला मारण्यास असमर्थ असलेल्यांना भिऊ नका असे शिष्यांस सांगितले आहे (मत्तय १०:२८). जेम्स बार ह्या जुन्या कराराच्या पंडिताने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कुलमन ह्यांच्या ह्या विभागणीची कठोर चिकित्सा केली आहे. अमरत्वाचा विचार इब्री परंपरेला परका नव्हता, हे त्याचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी नव्हे तरी बव्हंशी ग्राह्य वाटते.

दुसरा आक्षेप गेथशेमानेसंबंधी आहे. येशूची व्याकुळता ही मृत्यूच्या स्वाभाविक भयातून आली, असे मानले तर वधस्तंभाचे अर्धेच रहस्य हाती लागते. असंख्य हुतात्मे, त्यांत ख्रिस्ताचे अनुयायीही, धैर्याने मरणास सामोरे गेले. गुरू त्यांच्याहून भित्रा होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यापुढे जो प्याला होता, तो केवळ मरणाचा नव्हता. जगाच्या पापाचा व पित्यापासून तुटण्याचा होता. कुलमन मृत्यू व पाप ह्यांचा संबंध सांगतात हे खरे, परंतु सॉक्रेटिसाशी तुलना करण्याच्या भरात प्रायश्चित्ताचा विषय मागे पडतो. त्यामुळे कृपेचे मूल्य किती, हे वाचकास पुरते उमगत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. संपूर्ण मनुष्य जर मरतो, तर मृत्यूपासून पुनरुत्थानापर्यंत ‘तो’ कोठे असतो? आणि उठविला जाणारा मनुष्य हा तोच मनुष्य, हे कशावरून? कुलमन स्वतः ही अडचण टाळीत नाहीत. पवित्र आत्म्याने ज्याचे रूपांतर केले आहे तो ‘अंतरीचा मनुष्य’ मृत्यूनंतरही ख्रिस्ताजवळ जगतो, असे ते म्हणतात. आणि ह्या ठिकाणी आपण ग्रीक शिकवणीच्या काहीसे जवळ येतो हेही प्रांजळपणे मान्य करतात. मग आरंभी केलेली ‘हे किंवा ते’ अशी विभागणी अखेरपर्यंत टिकत नाही. शिवाय त्यांचा भर ख्रिस्तात मेलेल्यांवर आहे. नीतिमान व अनीतिमान अशा दोघांचेही पुनरुत्थान होईल असे शास्त्र सांगते (दानीएल १२:२, योहान ५:२८-२९, प्रे. कृत्ये २४:१५). पुनरुत्थान ही जर कृपेची देणगी, तर न्यायासाठी उठणाऱ्यांना ती कोणत्या अर्थाने मिळते, ह्याचा विस्तृत विचार ग्रंथात नाही.

मंडळ्यांच्या परंपरा

ह्या अडचणीची वेगवेगळी उत्तरे मंडळ्यांनी दिली आहेत, आणि ती समजून घेतल्याविना एकमेकांस दोष देणे उचित नव्हे.

पाश्चात्य मंडळीत चौदाव्या शतकात ह्यावर मोठा वाद झाला. पोप बाविसावे योहान ह्यांनी १३३१ मध्ये आविन्यों येथील प्रवचनांतून असे सुचविले की, संतांना देवाचे पूर्ण दर्शन अंतिम न्यायानंतरच घडेल. त्यावर गदारोळ झाला व १३३४ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते मत मागे घेतले. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट ह्यांनी १३३६ साली ठरविले की, शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानापूर्वीच देवाचे दर्शन घडते. पुढे १५१३ साली पाचव्या लॅटरन परिषदेने आत्मा मर्त्य असल्याचे मत निषिद्ध ठरविले. लूथर अनेकदा मृत्यूला गाढ झोपेची उपमा देत असे. कॅल्विनने मात्र आत्मे झोपतात ह्या मताविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते त्याने तारुण्यात, १५३४ च्या सुमारास रचले व १५४२ साली छापले. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या बत्तिसाव्या अध्यायातही आत्मे मरत नाहीत व झोपतही नाहीत असेच म्हटले आहे. स्कॉटिश मिशनद्वारे आपल्या प्रांतात जी परंपरा आली, तिचा वारसा हाच. तेव्हा कुलमन ह्यांचा बाण केवळ रोमच्या दिशेने सुटला आहे असे समजून कोणा प्रोटेस्टंट वाचकाने समाधान मानू नये. तो त्याच्याही अंगणात पडतो.

कॅथलिक विद्वानांत ह्या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्वक परामर्श योसेफ रात्सिंगर ह्यांनी, पोप होण्याच्या पुष्कळ आधी, अंतकाळाच्या शिकवणीवरील १९७७ च्या आपल्या ग्रंथात घेतला. आरंभी तेही आत्म्याच्या कल्पनेविषयी साशंक होते. पुढे त्यांच्या लक्षात आले की, ‘आत्मा’ हा शब्द टाकून दिला तर मृत माणसाविषयी बोलण्याची सोयच उरत नाही. त्यांच्या मते मनुष्य अमर आहे तो त्याच्यातील एखाद्या अविनाशी द्रव्यामुळे नव्हे; देवाने त्याला संबोधले आहे व देव हा संवाद तोडीत नाही म्हणून. ख्रिस्ती अमरत्व हे नात्याचे अमरत्व आहे. १९७९ साली रोमच्या विश्वासशिक्षण विभागाने काढलेल्या पत्रातही, मृत्यूनंतर मनुष्याचे ‘मी’पण टिकते, त्यासाठी ‘आत्मा’ हा शब्द वापरावा, आणि अखेरच्या पुनरुत्थानाची प्रतीक्षाही सोडू नये, असे दुहेरी मार्गदर्शन आहे.

येथे कुलमन व रात्सिंगर परस्परांच्या विरुद्ध दिशांनी निघून जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, असे आमचे मत आहे. एक म्हणतो, पवित्र आत्मा मृताला सोडीत नाही. दुसरा म्हणतो, देव संवाद तोडीत नाही. दोघेही टिकून राहण्याचे कारण देवामध्ये शोधतात. फरक उरतो तो मृतांसाठी प्रार्थना व शुद्धिस्थान ह्यांविषयी, आणि तो फरक लहान नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ व कॅथलिक मंडळी ह्यांनी नीतिमान ठरविले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने, हे दोघांनी मिळून कबूल केले. परंतु त्या घोषणेचा विषय मर्यादित होता. कृपेविषयीचे हे एकमत दफनभूमीपर्यंत नेण्याचे काम अजून शिल्लक आहे.

आपल्या भाषेत हा प्रश्न

आता आपल्याकडे वळू. आपल्या प्रांतात प्लेटो वाचलेला श्रोता विरळा. परंतु आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घेतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत ठाऊक नसलेला श्रोताही तितकाच विरळा. बेळगाव असो, गोवा असो, इंदूर वा बडोदे असो, मराठी घरात दीर्घ आजारानंतर कोणी वारले की ‘सुटले बिचारे’ असे सहज बोलले जाते. ह्या दोन शब्दांत सॉक्रेटिसाचे सारे तत्त्वज्ञान आले. दुःखणेकऱ्याच्या वेदना संपल्या, हे त्यातील सत्य आहे व ते सांगण्यात काही गैर नाही. परंतु देहातून सुटणे हेच तारण, असा अर्थ त्यातून निघू लागला की ख्रिस्ती उपदेशकाने सावध झाले पाहिजे.

वस्त्राचा दृष्टांत पौलही वापरतो. मात्र त्याच्या वाक्याची रचना नीट पाहावी. गीतेत वस्त्रे बदलणारा आत्मा आहे व देह हे वस्त्र आहे. पौलाच्या पत्रात हा मर्त्य देहच परिधान करणारा आहे, व अमरत्व हे वस्त्र आहे. आपण उघडे सापडू नये, तर आपल्याला वरून अधिक पांघरले जावे, अशी त्याची तळमळ आहे (२ करिंथ ५:२-४). हा एक भेद धर्मशिक्षकाने स्पष्ट करून सांगितला, तर पुनर्जन्म व पुनरुत्थान ह्यांतील अंतर लहान मुलांच्याही ध्यानी येईल. पुनर्जन्मात देह पुन्हा पुन्हा बदलतो व कर्माचा हिशेब पुढे चालतो. पुनरुत्थानात तोच मनुष्य एकदाच उठतो, आणि हिशेब ख्रिस्ताच्या हाती असतो.

ह्याच कारणास्तव ‘पुण्याई’ ह्या शब्दाविषयीही विचार व्हावा. मृताच्या सद्गुणांचे स्मरण अवश्य करावे. परंतु ‘एवढी पुण्याई होती म्हणून ते स्वर्गी गेले’ असे व्यासपीठावरून बोलले गेले, तर रविवारच्या कृपेवरील साऱ्या उपदेशावर सोमवारच्या दफनविधीत पाणी पडते. ज्यांच्या आप्ताच्या पदरी अशी पुण्याई नव्हती, ते कुटुंबही त्याच गर्दीत उभे असते, हे विसरू नये.

परक्या शब्दांना भिण्याचेही कारण नाही. थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली प्रथम छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच योजिला. शब्द घेतला, पण त्यात कथा ख्रिस्ताची भरली. आपल्या लोकांनी स्वतः घडविलेला एक शब्द तर फारच बोलका आहे. मृताच्या नावामागे इतर जन ‘कैलासवासी’ वा ‘वैकुंठवासी’ असे लावतात. मराठी ख्रिस्ती ‘ख्रिस्तवासी’ असे लिहितात. ह्या शब्दात स्थळाचे नाव नाही, व्यक्तीचे आहे. मृत कोठे आहे ह्यापेक्षा कोणापाशी आहे, हे तो सांगतो. फिलिप्पैकरांस पत्रातील पौलाची इच्छाही नेमकी तीच होती.

उपदेशकांसाठी

ह्या विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. दफनाच्या उपदेशात दोन विधाने एकत्र यावीत. मृत मनुष्य ख्रिस्तापाशी आहे हे पहिले, आणि तो व आपण सर्व अजून एका दिवसाची वाट पाहत आहोत हे दुसरे. पहिलेच सांगितले तर पुनरुत्थानाची गरज उरत नाही. दुसरेच सांगितले तर मूल गमावलेल्या मातेस आजच्या रात्रीपुरता आधार मिळत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना रडू नका असे सांगितलेले नाही, आशा नसलेल्यांसारखे रडू नका असे सांगितले आहे (१ थेस्सल. ४:१३). मृत्यू जर शत्रू असेल, तर त्याच्यासमोर अश्रू येणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. लाजराच्या कबरेपाशी स्वतः प्रभू रडला, आणि तेही त्याला उठविण्यासाठी निघालेला असताना.

दहनाविषयीही प्रश्न विचारले जातात. कॅथलिक मंडळीने १९६३ साली दहनास मुभा दिली. २०१६ सालच्या सूचनापत्रात दफनास प्राधान्य कायम ठेवून रक्षा विखुरण्यास मनाई केली व ती पवित्र स्थळी जतन करावी असे सांगितले. ज्या देवाने मातीतून मनुष्य घडविला, त्याला राख अडसर होत नाही. मात्र देह हा फेकून देण्याची वस्तू आहे असा भाव आपल्या विधीत असू नये, हा त्या सूचनेतील आशय सर्व मंडळ्यांनी घेण्याजोगा आहे.

मृतांसाठी प्रार्थनेबाबत आपल्यात मतभेद राहतीलच. मिश्र कुटुंबाच्या दुःखप्रसंगी तो वाद उकरून काढण्याचे कारण नाही. एकाने प्रार्थना केली व दुसऱ्याने केवळ उपकारस्तुती केली, तरी दोघेही मृताला त्याच कृपेच्या स्वाधीन करीत असतात.

कुलमन ह्यांचे पुस्तक धर्मशिक्षकांनी जरूर वाचावे, परंतु त्याच्या शीर्षकातील ‘की’ हा शब्द जपून घ्यावा. आत्मा स्वभावतः अमर आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत असे नव्हे, हे त्यांचे म्हणणे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु देवाने ज्याला हाक मारली त्याला तो मृत्यूतही हातचा जाऊ देत नाही, हेही शास्त्राचेच म्हणणे आहे. ह्या विश्वासाला ‘आत्मा’ हा जुना शब्द अद्याप उपयोगी पडतो. तो शब्द ठेवावा, आणि त्याचा आधार मनुष्यात नसून देवात आहे हे प्रत्येक कबरेपाशी स्पष्टपणे सांगावे.